मंडळीच्या हंड्यातली आमटी

कर्जतच्या ठाण्यातली ती हंड्याची भानगड इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातल्या वाटमाऱ्या पाहिल्या. त्यांतल्या निम्म्या आता विसरलो. पण एक तांब्याचा हंडा आणि त्यातली वालाची आमटी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

परवा वर्तमानपत्रात वाचलं, मुंबईत कुठल्याशा कामगार युनियनच्या निवडणुकीत भांडण लागलं आहे. जुन्या पुढाऱ्यांनी युनियनची कचेरी आणि युनियनचं सामान आपल्याच प्रचाराला वापरलं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. आमचे जावई हसून म्हणाले, "मामा, काय ही नवी नवी खुळं!" मी म्हटलं, "नवी? अहो, ह्याच खुळापायी एक माणूस फासावर जायचा राहिला. तेव्हा युनियन हा शब्दसुद्धा आमच्या मुलखात आला नव्हता." मग त्यांनी हट्टच धरला, म्हणून लिहितो. नाव कुणाचंही घेणार नाही. त्या लोकांची नातवंडं अजून तिथेच नांदताहेत.

राणीसरकारच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. मी कर्जतला फौजदार होतो. घाटाच्या पायथ्याशी रेल्वेलाइनीच्या कडेला गँगवाल्यांची वस्ती होती. रूळ तपासायचे, खडी भरायची, पावसाळ्यात दरड आली की उपसायची, हे त्यांचं काम. माणसं सगळी आसपासची, कोणी कडावचा, कोणी कोंडाण्याचा, कोणी शेलूकडचा. घरी भाताचं शेत भाऊ बघतोय आणि हा लाइनीवर, असा प्रकार. ह्या लोकांनी आपली एक मंडळी काढली होती. कुणी आजारी पडला, कुणी रुळावर दगावला, तर त्याच्या बायकापोरांकडे बघायचं. कंपनीच्या साहेबाकडे गाऱ्हाणं न्यायचं तर सगळ्यांच्या वतीनं एकानं पुढे व्हायचं. त्या एकाला मुख्य म्हणत. दर दिवाळीनंतर मुख्य निवडायचा. दोन मडकी मांडायची, तोंडाला फडकं बांधून हात जाईल एवढी फट ठेवायची, आणि प्रत्येकानं आपला चिंचोका हव्या त्या मडक्यात टाकायचा. कुणाला लिहिता येत नव्हतं, पण त्यावाचून काही अडत नव्हतं.

मंडळीची मालमत्ता म्हणजे लाइनीजवळ पत्र्याची एक खोली, सतरंज्या, एक ढोलकी आणि लग्नकार्याची भांडी. भांड्यांत मोठा मान हंड्याचा. चांगला अस्सल तांब्याचा, दोघांनी काठीला अडकवून उचलावा असा, आणि काठावर मंडळीचं नाव कोरलेलं. कुणाच्याही घरी लग्न, बारसं, तेरावं असो, हंडा मागायला यायचं आणि घेऊन जायचं. भांडी राहायची मुख्याच्या घरी, म्हणजे कडावला त्याच्या पडवीत.

मुख्याला सगळे तात्या म्हणत. कित्येक वर्षं तोच निवडून यायचा, समोर कुणी उभंच राहायचं नाही. उमदा माणूस, आवाज खणखणीत, एकदा बोलायला लागला की थांबणं ठाऊक नाही. त्या वर्षी त्याच्यासमोर नाना उभा राहिला. नाना दुसऱ्या गँगचा मुकादम, तिशीतला, बोलायचा कमी आणि बोलला की टोचायचं.

झालं असं की तात्यानं प्रचाराच्या सभा मंडळीच्या खोलीत घ्यायला सुरुवात केली. सतरंज्या मंडळीच्या, ढोलकी मंडळीची. नानानं एका रविवारी खोली मागितली तर उत्तर आलं, "मुख्याची परवानगी नाय." मुख्य कोण? तर तात्याच! नानानं आपली सभा बाहेर आंब्याखाली उन्हात घेतली आणि सांगितलं, "खोली आन् भांडी साऱ्यांची हायेत. प्रचाराला द्यायची तर दोघांना द्या, नायतर कुणालाच नको." एवढंच त्याचं म्हणणं. मला तरी त्यात वावगं काही दिसत नाही. पण तात्याच्या माणसांना ते फार झोंबलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तात्यानं जंगी पंगत घातली. हंडा कडावहून बैलगाडीत घालून आणला. नाना सकाळी चुलीपाशी जाऊन भांडला. "हा हंडा लग्नाचा हाय, मतं शिजवायला नाय," असं काहीसं बोलला, हंड्यात वाकून पाहिलं, शिव्याशाप झाले आणि निघून गेला. त्याच्या बाजूचा एकही माणूस जेवायला गेला नाही.

संध्याकाळी पोलीस पाटलाची वर्दी आली की लाइनीवर पटकी आली. मी हवालदाराला घेऊन धावलो. पाहतो तर वस्तीभर माणसं पोट धरून पडलेली, ओकाऱ्या चाललेल्या, बायका रडताहेत. दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "फौजदारसाहेब, ही पटकी नव्हे. पंगतीत बसले तेवढेच आजारी आहेत. ह्यांच्या पोटात काहीतरी गेलंय. सोमलसुद्धा असेल." ओकारी बाटलीत भरून, मोहोर करून मुंबईला तपासणीला रवाना केली. पण मुंबईचं उत्तर म्हणजे आभाळातला पाऊस, यायचा तेव्हा येणार.

विष हा शब्द वस्तीत फुटायचा अवकाश, की सगळ्यांच्या तोंडी नानाचं नाव! माझ्या अनुभवात एक गोष्ट पक्की बसली आहे. माणसाला साधं कारण आवडत नाही. पोट बिघडलं म्हटलं तर तो नाराज होतो. विष घातलं म्हटलं की त्याचं समाधान होतं. इथं तर पुरावाही आयता होता. नाना चुलीपाशी भांडला, हंड्यावर वाकला, त्याचा एकही माणूस जेवला नाही. झडती घेतली तर घरात कोनाड्यात सोमलाची पुडी सापडली. उंदरांसाठी आणली म्हणून बायको गयावया करीत होती. उंदरांसाठी सोमल तेव्हा निम्म्या घरांत असायचा, हे मला ठाऊक होतं. पण पंचांसमोर पुडी निघाली ती निघाली. नानाला मी कोठडीत घातलं.

दुखणेकरी एकेक करून उठून बसायला लागले. एकटा एक म्हातारा मात्र उठेना. त्याला सगळे म्हातारबा म्हणत. मंडळीतला सगळ्यात जुना माणूस. त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. डॉक्टर मान हलवून म्हणाले, "सांगता येत नाही." म्हणजे म्हातारबा दगावला की नानावर खुनाचा गुन्हा लागणार. न दगावला तरी विष घातल्याचा होताच. इकडे कंपनीच्या इंजिनियर साहेबाची चिठ्ठी आली की आरोपीवर खटला होणार असेल तर कळवा, त्याला कामावरून कमी करून खोली रिकामी करून घेऊ. नानाच्या बायकोची तर वस्तीत फारच दशा झाली. विहिरीवर बायका तिची कळशी आपल्या कळशीजवळ ठेवू देईनात, आणि तिच्या घरचं विरजण कुणी घेईना. ती ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची, डबा द्यायची आणि उठून जायची.

मी नानाची जबानी घ्यायला बसलो. माझा स्वभाव तापट, हे मी नाकारत नाही.

"हंड्यात वाकून काय टाकलंस?" मी दरडावलं.

"टाकायला नाय वाकलो साहेब, बघाया वाकलो."

"काय बघायला?"

"कल्हई. आतनं समदी उडाली व्हती, तळाला तांबडंलाल दिसत व्हतं. दर साली तुळशीचं लगीन झालं की भांड्यांना कल्हई करत्यात, मग लग्नाला काढत्यात. ह्यांनी त्याच्या आधीच काढला, प्रचारासाठी. मी म्हनलं त्यांना, ह्यात भात शिजवा, आंबट घालू नका."

मी चमकलो. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. कळकलेल्या ताकानं घरंच्या घरं ओकताना मी पाहिली आहेत.

"हे अटक झाली तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो. तुमी म्हनला, गप बस."

म्हटलं असेन. झडतीच्या गडबडीत आरोपी बोलतात ते कोण कानावर घेतो! मी ताबडतोब हवालदाराला कडावला पिटाळलं आणि हंडा जप्त करून आणवला. ठाण्याच्या ओट्यावर हंडा उतरवला, फडकं काढलं, आणि मी आत डोकावलो. आत चांदीसारखी कल्हई! माझंच तोंड त्यात दिसत होतं.

नानाला बाहेर आणून दाखवलं. तो बघतच राहिला. "ह्यो त्यो हंडा नाय," असं म्हणून त्यानं काठावरचं नाव पाहिलं, हात फिरवला. नाव मंडळीचंच होतं. पोचाही त्याच्या ओळखीचा निघाला. "साहेब," तो म्हणाला, "आता मीच खोटा ठरलो. आता मला कोन वाचवनार?"

मीही तेव्हा हेच म्हटलं की लेकाचा पट्टीचा खोटारडा आहे. रागानं त्याला आत ढकलला आणि हंडा मुद्देमाल म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

पण रोज येता-जाता तो हंडा डोळ्यांसमोर. मला खोड अशी की एखादी गोष्ट अतिच नीटनेटकी दिसली की माझ्या मनाला ती बोचायला लागते. एकदा दुपारी ठाण्यात काम नव्हतं. मी हंडा उन्हात ओढला आणि आत डोकं घालून बसलो. हवालदार बाहेरून विचारतोय, "रावसाहेब, काय हरवलंय का?" मी म्हटलं, "हो, ओरखडा हरवलाय. तो शोधतोय."

विचार करा. ह्या हंड्यात गावजेवणाएवढी आमटी ढवळली होती. लोखंडी पळी तळाला घासून घासून ढवळली असणार. मग राख आणि काथ्या घेऊन कुणीतरी हंडा घासला असणार. आमच्या घरी साधं पातेलं कल्हई करून आणलं तर पहिल्या आमटीलाच त्याचं तेज उतरतं आणि तळाला रेघा पडतात. त्यावरून आमच्या सौभाग्यवती कल्हईवाल्याचा उद्धार करतात. आणि इथं तळाला एक रेघ नाही! म्हणजे कल्हई पंगतीच्या आधीची नव्हती. पंगतीनंतरची होती. तो माणूस आत कोठडीत खरं सांगून बसला होता.

मी हवालदाराला म्हटलं, "कडावला जा. पोशाख काढून ठेव आणि साध्या कपड्यांत दूधवाल्याकडे चार घटका गप्पा मारत बस. कल्हईवाला येऊन गेला का, एवढंच ऐकून ये. विचारू नकोस, नुसतं ऐक."

हवालदार मोठा हुशार माणूस. परत आला तो हसतच. "रावसाहेब, ऐकायला कान पुरेनात! आख्ख्या आळीतल्या बायका त्या कल्हईवाल्याच्या नावानं बोटं मोडताहेत. म्हणे दिवाळीच्या तोंडावर आला, आम्ही घरातली भांडी काढून दारात मांडून बसलो, आणि मेला तात्याच्या परसात एक हंडा करून भाता गुंडाळून पळाला. कुणाची वाटीसुद्धा घेतली नाही."

"कुठे पळाला?"

"खालापूरच्या बाजाराला."

पोलिसाला खबऱ्या हवाच, असं साहेब लोक म्हणतात. मी म्हणतो, बायकांची भांडी बिनकल्हईची ठेवा, खबऱ्या आपसूक मिळतो.

तट्टावर बसून खालापूर गाठलं. बाजारात पिंपळाखाली कल्हईवाल्यानं भट्टी मांडली होती. भाता चाललेला, नवसागराचा धूर डोळ्यांत जात होता. वयस्क माणूस, हाताला काळं, डोक्याला मुंडासं. मी शेजारी बसलो आणि सरळ विचारलं, "कडावला तात्याचा हंडा केलास का रे?"

"न्हाई जी. मी कडावला यंदा गेलोच न्हाई." कानांवर हात! ताकास तूर लागू देईना. दरडावलं तर आणखीच घट्ट झाला. साफ दिसत होतं की त्याला कुणीतरी गप्प राहायची शपथ घातली होती.

मग मी सूर बदलला. आरोपी असो की साक्षीदार, प्रत्येकाची एक दुखरी जागा असते. भित्र्याला धाक, लोभ्याला आमिष, आणि कारागिराला? कारागिराच्या कामाला नाव ठेवा.

मी हवालदाराकडे वळून म्हटलं, "चला, ह्यानं नसेल केला. आणि मला वाटतंच होतं, ते काम काही पक्क्या हाताचं नाही. कथील कुठे जाड, कुठे पातळ, काठाला तर डाग पडलेत. कोणीतरी शिकाऊ पोऱ्या असेल."

कल्हईवाल्याचा भाता थांबला. "डाग? कुटं डाग?"

"काठाला. आणि तळ तर नुसता सारवल्यासारखा."

"अवो, असं काय बोलता!" तो ताडकन उठला. "माज्या बापानं कल्हई केली, आज्यानं केली. त्या हंड्याला चांगलं कथील लावलंय म्या! कापसाच्या बोळ्यानं फिरवून फिरवून आरसा केला आरसा! चला, दावा कुटं डाग हाय त्यो!"

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. हवालदारानं तोंडावर रुमाल धरला. मी म्हटलं, "डाग नाही रे बाबा. इतकं सुरेख काम मी आयुष्यात पाहिलं नाही. म्हणून तर तुझ्यापर्यंत आलो. आता सांग, हंडा तुझ्याकडे आला तेव्हा आत काय होतं?"

त्यानं मग सगळं सांगितलं. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यानं परसात बोलावलं. हंडा आतून तांबडा आणि कडेनं हिरवट झालेला. तात्याचं बोलणं एवढंच, "हे कुनाला सांगू नको, तुला देवाची आन हाय."

तात्याकडे मी शिपायांचा ताफा नेला नाही. एकटा गेलो. तो पडवीत बसला होता, दाढी वाढलेली. मला बघून उभासुद्धा राहिला नाही. मी म्हटलं, "तात्या, कल्हईवाला भेटला." त्यानं डोळे मिटले, आणि मोठा सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. चोरी पकडली गेल्यावर असा श्वास सोडणारे मी आणखीही काही पाहिले आहेत. ते पक्के गुन्हेगार नसतात.

"आमटी हंड्यात करायची नवती साहेब," तो सांगू लागला. "भात करायचा व्हता. आमटीला लोखंडी काहील आनली व्हती. पन मानसं आली दुप्पट. काहिलीत मावंना. मंग आचाऱ्यानं भात काहिलीत घेतला आन् आमटी हंड्यात वतली. वालाची, आमसूल घालून. लगेच वाढली असती तर कदाचित निभलं असतं."

"मग का नाही वाढली?"

तो खाली मान घालून म्हणाला, "माझं भाषन चाललं व्हतं."

मला हसावं की थोबाडावं कळेना! सकाळी शिजलेली आंबट आमटी, उघड्या तांब्यात, आणि हा मनुष्य मंडळीसाठी आपण काय काय केलं ते सांगत उन्हं कलेपर्यंत उभा. पानं मांडलेली, पोटात कावळे ओरडताहेत, आणि आमटी हंड्यात हिरवी होतेय. वाल मुळातच कडसर, म्हणून चव कुणाला कळली नाही. कळली असेल त्यानंही तात्याच्या जेवणाला नाव कसं ठेवायचं म्हणून गिळली.

"आणि नानाचं नाव?"

"मी न्हाई घेतलं. देवाशपथ न्हाई घेतलं. दुसऱ्यांनी घेतलं." मग तो थांबला आणि हुंदका देऊन म्हणाला, "पन मी गप ऱ्हायलो साहेब. पयल्या मानसानं वकारी केली तवाच मला समजलं व्हतं. मी गप ऱ्हायलो आन् हंडा पांढरा करून घेतला. म्हातारबा मेला तर त्यो फासावर जाईल, हे बी मला समजत व्हतं. रोज मनात म्हनायचो, आज जाऊन सांगतो. पाय उचलत नवता."

"अरे, पण मुळात हा हंडा तुझ्या प्रचाराला काढायला कुणी सांगितलं होतं?"

त्यावर तो जे बोलला ते मला फार पटलं, म्हणून लिहून ठेवतो. "केस पिकले साहेब, ह्यो हंडा माझ्या पडवीत. पोरं माझी ह्याच्यात लपाछपी खेळली. बायकू म्हनती, आपला हंडा. मंडळीचा हाय, हे मला आठवन करून द्यावं लागत व्हतं. नानानं तेच केलं, म्हनून त्याचा राग आला."

तात्यानं मामलेदारसाहेबांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी त्याची अशी खरडपट्टी काढली की बाहेरच्या पट्टेवाल्यालाही घाम फुटला, आणि दंड ठोठावला. नानाला मी त्याच दिवशी मोकळा केला आणि इंजिनियर साहेबाला स्वतः जाऊन सांगितलं की ह्या माणसाकडून काहीही घडलेलं नाही. नोकरी वाचली, खोली वाचली. म्हातारबाही पेज पिऊन हळूहळू उठून बसला. तपासणीचं उत्तर पुढे यथावकाश आलं. त्यात तांबं होतं, सोमल नव्हता.

सोडताना मी नानाला म्हटलं, "तात्यावर तुला स्वतंत्र फिर्याद करता येईल. करणार असशील तर त्याला निवडणुकीला उभं राहता येणार नाही, हे मी बघतो." मला वाटलं, उडी मारेल. त्यानं डोक्याचं फडकं झटकून बांधलं. मग म्हणाला, "नको साहेब. मी आत असतो तर त्यो एकटाच निवडून आला असता. तसं मला निवडून यायचं नाय. त्याला उभा ऱ्हाऊ द्या."

दिवाळीनंतर मडकी मांडली. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. मामलेदारांच्या हुकमानं हंडा मंडळीला परत करायचा होता, तोही गाडीत घालून नेला. खोलीत दोघंही बोलले. नाना दोन वाक्यं बोलला. तात्यानं सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि आश्चर्य म्हणजे लवकर खाली बसला. चिंचोके पडले, सतरंजीवर ओतले, सगळ्यांदेखत मोजले. तात्या निवडून आला!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच रांगेत म्हातारबा भिंतीला टेकून बसला होता, गालफडं बसलेली. मी त्याच्याजवळ वाकून विचारलं, "म्हातारबा, तू कुणाला टाकलास रे?"

"तात्याला."

"अरे, त्यानं तुला जवळजवळ मारला!"

"मारला नाय साहेब, जेवाया घातला," म्हातारबा म्हणाला. "आन् दरड पडली तवा माझ्या भावाचं मढं त्यानं हातांनी उकरून काढलं. आमटी कळकली, मानूस नाय कळकला. जराशी चव बिघडली हाय, इतकंच."

मी हात टेकले. जड मनानं हंडा आत आणवला. मुद्देमाल परत द्यायचा तर ताबेपावतीवर घेणाऱ्याचा अंगठा लागतो. रीतीप्रमाणे मुख्यानं घ्यायचा. मी फटकळपणे म्हटलं, "ये तात्या, घे तुझा हंडा. कर अंगठा."

तात्या उठला, पण पुढे आला नाही. म्हातारबानं काठी आपटली आणि थरथरत उभा राहिला. "साहेब, थांबा. मुख्य तात्या ऱ्हाऊ दे. पन भांडी आता मुख्याच्या घरात नको. ह्या सालापासनं भांडी दुसऱ्याकडं, आन् मडकी मांडायच्या महिन्यात कुनालाच नाय." मग खोलीत नजर फिरवून तो म्हणाला, "हंडा नानाकडं द्या. आमच्या घरची समदी लग्नं त्याच्या हातनं जेवतील."

सगळ्यात आधी तात्यानं हात वर केला. मग एकेक करून सगळे हात वर गेले. ज्यांनी नानाच्या नावानं विष विष म्हणून टाहो फोडला होता, त्यांचेसुद्धा.

नाना पावतीपाशी आला. कोठडीत तो कधी रडला नव्हता, सुटला तेव्हाही नाही. शाईला अंगठा लावला आणि कागदावर टेकवायच्या ऐवजी तो हात तसाच डोळ्यांवर नेला. सगळं तोंड काळं झालं. कुणी हसलं नाही. बाहेर त्याची बायको उभी होती. दोघांनी काठीला अडकवलेला हंडा तिच्या दारात उतरवला तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच खाली बसली. शेजारच्या दोन बायका येऊन तिच्याजवळ बसल्या.

मी ठाण्यात परत येऊन तपासाच्या कागदावर लिहिलं की आरोपीविरुद्ध पुरावा नाही, सोडून दिला. लिहिताना मला माझ्या त्या ओळीची लाज नाही वाटली, पण ती किती तोकडी आहे हे कळलं. मी नानाला सुटका दिली होती. पण ज्याच्यावर विषाचा आळ आला, त्याच्याच हाती सगळ्यांनी आपलं अन्न शिजवायचं भांडं दिलं, तेव्हा तो आळ गेला. ते काम माझ्याच्यानं झालं नसतं, आणि मामलेदाराच्यानंही नाही. आणि मी तात्याला मुख्यपदावरून हाकलायला निघालो होतो. त्या माणसांनी माणूस ठेवला आणि हंडा त्याच्या पडवीतून काढला. सामाईक वस्तू एकाच्या घरात फार दिवस राहिली की ती त्याची होते. मग तो चोर नसला तरी चोरासारखा वागतो. हे तेव्हापासून मी नोकरीभर ध्यानात ठेवलं. युनियनवाल्यांना सांगायला मिळालं तर एवढंच सांगेन.

तुळशीचं लग्न झालं, सगळ्या भांड्यांना कल्हई झाली, आणि म्हातारबाच्या नातीचं लग्न निघालं. मलाही आमंत्रण होतं. हवालदार म्हणाला, "रावसाहेब, वालाची आमटी आहे. जपून." मी पंगतीत बसलो. वाढायला नाना होता. मी दोनदा आमटी मागून घेतली आणि पोटभर जेवलो.